गोव्यातले बेकायदा परदेशी: केंद्र, राज्य की पंचायत, नेमके काम कोणाचे?

खाजनकाठ
ग्रामसभेत हा विषय निघाला की ठरलेली फुगडी सुरू होते. पंच म्हणतात पोलिसांना विचारा, पोलीस म्हणतात व्हिसा केंद्र देते, आमदार म्हणतो दिल्लीला पत्र गेलेय. आपल्याला दुसऱ्या देशाला लागून जमीन नाही. पण दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ आहेत, मुरगाव बंदर आहे आणि सगळी पश्चिम बाजू दर्याला उघडी आहे. मला कायद्याने कोणाचे काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते एवढेच हवे आहे. किनारा कोण राखतो, खोली भाड्याने देणाऱ्याने काय करायचे, पकडलेला माणूस परत जायला इतका वेळ का लागतो. पक्षांची उणीदुणी कृपया दुसऱ्या धाग्यावर.

कलमदान
सुरुवात सातव्या अनुसूचीपासून. केंद्रसूचीत १७ क्रमांकावर नागरिकत्व आणि परकीय व्यक्ती, १९ वर भारतात प्रवेश, हद्दपारी, पासपोर्ट, व्हिसा. राज्यसूचीत १ वर सार्वजनिक सुव्यवस्था, २ वर पोलीस. म्हणजे कोण आत येईल आणि कोण बाहेर जाईल हे ठरवायचा अधिकार केंद्राचा, पण दार ठोठावून कागद विचारणारा हात राज्याचा.

मग राज्य पोलीस परदेशी माणसाला अडवतात कशाच्या जोरावर? केंद्राने आपले काही अधिकार राज्यांना सोपवलेत. घटनेच्या २५८ कलमाखाली तसे करता येते आणि १९५८ पासून ते चालत आले आहे. तेव्हा 'आमच्या हातात काही नाही' हे राज्याचे उत्तर अर्धेच खरे. ओळखणे, ताब्यात घेणे, हालचालींवर निर्बंध घालणे, परत पाठवायची कारवाई हे सगळे राज्य करू शकते. व्हिसा देणे, काळ्या यादीत टाकणे, दुसऱ्या देशाशी बोलणे हे त्याला जमत नाही.

दुसरा आधार ३५५ कलमाचा, राज्यांचे बाह्य आक्रमणापासून रक्षण करणे हे केंद्राचे कर्तव्य. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने आसामसाठीचा, बेकायदा स्थलांतरित कोण हे न्यायाधिकरणाकडून ठरवायचा आयएमडीटी कायदा रद्द केला तो याच कलमावर बोट ठेवून. सीमा सांभाळणे हा धोरणाच्या आवडीनिवडीचा भाग नाही, ते घटनेने लादलेले काम आहे, असा त्या निकालाचा सरळ अर्थ.

पाचपावली
मग १९४६ चा फॉरेनर्स अॅक्ट अजून आहे की गेला? परवा एका वर्तमानपत्रात तोच छापून आला होता.

कलमदान
गेला. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५ लागू आहे. त्याने चार कायदे एकदम पोटात घेतले: १९२० चा पासपोर्ट प्रवेश कायदा, १९३९ चा परदेशी नोंदणी कायदा, १९४६ चा तो आणि वाहतूकदारांच्या जबाबदारीचा २००० चा कायदा. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केला तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बनावट कागद वापरले तर किमान २ आणि कमाल ७ वर्षे, शिवाय १ ते १० लाख दंड. व्हिसा संपून राहिला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आधीच्या घटनांचे खटले जुन्या कायद्याखालीच चालतात, त्यामुळे म्हापसा-पणजीच्या न्यायालयांत अजून काही काळ दोन्ही कायद्यांची कलमे ऐकू येतील.

'मी भारतीय आहे' हे सिद्ध करायचा भार त्या व्यक्तीवर, हे जुन्यात होते तसे नव्यातही आहे. मात्र जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या एका प्रकरणात बजावले की आधी संशयाला काहीतरी ठोस आधार पोलिसांकडे हवा. कोणालाही रस्त्यावरून उचलून 'आता सिद्ध कर' म्हणता येत नाही. हा निकाल आपल्याकडच्या धाडसत्रांत फार सोयीस्करपणे विसरला जातो.

दर्यावेळ
किनाऱ्याचे मी घेतो.

गोव्याचा किनारा आपण शाळेपासून १०५ किलोमीटर म्हणत आलो. गृह मंत्रालयाच्या जुन्या आकड्यात तो १६०.५ होता आणि नव्या मोजणीत १९३.९५ झालाय. किनारा लांबला नाही, नकाशाचे प्रमाण बदलले. आधी १:४५,००,००० वर मोजलेले आता १:२,५०,००० वर मोजले, त्यामुळे प्रत्येक खाडी आणि खोबण हिशेबात आली. गस्तीचे मनुष्यबळ मात्र नकाशाबरोबर वाढत नाही.

पाण्यातली हद्द अशी: १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, २४ पर्यंत संलग्न क्षेत्र, २०० पर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. हे १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यात आहे. केंद्राला इमिग्रेशनचे अधिकार २४ मैलांपर्यंत वापरता येतात. २६/११ नंतर एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे गेली, प्रादेशिक समुद्रातली तटरक्षक दलाकडे, आणि काठालगतच्या उथळ पाण्यात राज्याचे किनारा पोलीस.

गोम काठालगतच आहे. किनारी सुरक्षा योजनेचा पहिला टप्पा २००५-०६ ला सुरू झाला, दुसरा २०११ ला, तो ३१ मार्च २०२० ला संपला. त्यात केंद्राने ठाणी, जेटी आणि १२ टनी-५ टनी वेगवान बोटी दिल्या. त्यांतल्या काही आपल्याच वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधलेल्या. माणसे पुरवायची राज्याने. योजना संपल्यावर देखभालही राज्याच्या गळ्यात. बोटीचे इंजीन विशिष्ट तासांनी उघडावे लागते, सुटे भाग ठरलेल्या कंपनीकडूनच येतात, वार्षिक देखभालीचा करार एकदा लटकला की बोट जेटीला बांधून राहते. खाऱ्या पाण्यात उभी बोट चालत्या बोटीपेक्षा लवकर सडते. तळाला शंखशिंपले धरतात, वेग पडतो, डिझेल जास्त जाते, मग डिझेलचा कोटा आधीच संपतो म्हणून गस्त कमी, आणि गस्त कमी म्हणून बोट आणखी उभी. विधानसभेत बोटी किती हे विचारून उपयोग नाही. गेल्या वर्षात प्रत्येक बोट किती तास चालली हे विचारा.

त्यातही आपल्या नद्यांच्या तोंडाला वाळूचे दांडे. शापोरा, बेतूलला साळ, तळपण. ओहोटीला मोठी बोट आत-बाहेर करताना जीव मुठीत. दोन्ही बाजूंनी अडचण: संशयिताची होडी छोटी असते, ती निघून जाते.

पाचपावली
किनारी सुरक्षेच्या 'सागर कवच' कवायतीत तर दरवेळी सगळे पकडले जातात म्हणे.

दर्यावेळ
कवायतीचा दिवस सगळ्यांना ठाऊक असतो हो. खरा डोळा पोलिसांच्या बोटीचा नव्हे, खारव्याचा आणि काठावरून जाळे ओढणाऱ्या रापणकाराचा. म्हणून होड्यांना राज्यनिहाय रंग, आयएनडी-जीए ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्ड ही तीन कामे बोटी घेण्यापेक्षा महत्त्वाची. बिघडते ते असे: ट्रॉलर विकला जातो पण नोंदणी जुन्याच नावावर. रंग एका मोसमात उडतो. खलाशी बदलतात आणि जेटीवरच्या वहीत गेल्या वर्षीचीच यादी. २० मीटरपेक्षा मोठ्या बोटींना एआयएस, म्हणजे बोटीचे ठिकाण आपोआप कळवणारे यंत्र, बंधनकारक, पण आपले बहुतेक ट्रॉलर त्याहून लहान, ते पडद्यावर दिसतच नाहीत. काही विचित्र दिसले तर १५५४ तटरक्षक, १०९३ किनारा पोलीस. कुटबण-मालिमच्या जेटीवर हे दोन आकडे बांगड्याच्या भावाइतके पाठ असायला हवेत.

एवढे लिहून सांगतो: बेकायदा स्थलांतरित गोव्यात दर्यातून येत नाहीत. दर्याचा धोका शस्त्रे, अमली पदार्थ आणि घातपात यांचा. माणसे विमानाने व्हिसा घेऊन येतात आणि राहून जातात, किंवा पूर्वेकडून जमिनीने येऊन रेल्वेने थिवी-मडगावला उतरतात. दोन प्रश्नांची खिचडी केली की दोन्हींची उत्तरे चुकतात.

कलमदान
+१. पूर्वेकडचे थोडक्यात. बांगलादेश सीमा ४,०९६.७ किमी, त्यातली २,२१६.७ एकट्या पश्चिम बंगालला. राखण बीएसएफची. सुमारे पाचव्या हिश्शाला कुंपण नाही. काही ठिकाणी नदी रोज पात्र बदलते, तिथे खांब रोवणार कुठे? काही ठिकाणी जमीन संपादन अडलेले, आणि ते काम राज्य सरकारचे. शिवाय दोन देशांत ठरलेल्या १९७५ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमेपासून, १५० यार्डांत संरक्षणात्मक बांधकाम करायचे नाही, म्हणून कुंपण आत आणि कित्येक शेते, वस्त्या कुंपणापलीकडे. त्यांच्यासाठी फाटके ठेवावी लागतात. २०२१ मध्ये पंजाब, बंगाल, आसामात बीएसएफची हद्द १५ वरून ५० किमी केली, पण ती झडती-अटकेची हद्द. तपास आणि खटला शेवटी पोलिसांकडेच. तिथे सुटलेला धागा गोव्यातल्या ठाण्याने पकडावा ही अपेक्षा असते, निम्म्या देशाच्या अंतरावरून.

घरपट्टी
आता भाड्याच्या खोल्यांकडे या. हणजूण, हरमल, मोरजी, शिवोली या पट्ट्यात हाच खरा नाका आहे. राज्याच्या हद्दीवर पत्रादेवी आणि पोळेला पोलीस गाड्या तपासतात, तिथे व्हिसा कोण बघतो?

परदेशी माणसाला राहायला जागा दिली, हॉटेल असो की स्वतःच्या घरातली माडीवरची खोली, पैसे घ्या किंवा घेऊ नका, २४ तासांत सी फॉर्म (परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा, २०२५ च्या नियमांत त्याचे नाव फॉर्म ३) ऑनलाइन भरायचा. आधी एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नोंदणी कार्यालयाच्या, पोर्टलवर जागेचे खाते काढावे लागते, त्याला मालकीचा कागद किंवा भाडेकरार, मालकाचे ओळखपत्र लागते. पहिला पाहुणा दारात उभा असताना खाते काढायला बसू नका, मंजुरीला वेळ लागतो. मग प्रत्येक माणसामागे एक फॉर्म: पासपोर्ट क्रमांक, तो कुठे आणि कधी दिला, कधी संपतो, व्हिसाचा क्रमांक, प्रकार आणि मुदत, भारतात आल्याची तारीख, तुमच्याकडे आल्याची तारीख, कुठून आला, पुढे कुठे जाणार, फोटो.

चुका ठरलेल्या आहेत. ई-व्हिसावाल्याचा अर्ज क्रमांक व्हिसा क्रमांक म्हणून टाकतात. भारतात आल्याची आणि खोलीत आल्याची तारीख एकच लिहितात, त्यामुळे मधले दोन महिने कुठे होता ते हरवते. नवराबायकोचा मिळून एकच फॉर्म भरतात. व्हिसाची मुदत आणि एका भेटीत सलग राहायची मुदत यांत गोंधळ होतो: पाच वर्षांचा व्हिसा असला तरी एका खेपेला किती दिवस हे वेगळे लिहिलेले असते, आणि ओव्हरस्टे बहुतेक वेळा तिथेच होतो. शिक्का डोळ्यांनी पाहा, पाहुण्याच्या तोंडच्या हिशेबावर जाऊ नका.

सगळ्यात मोठे भोक मात्र दलालाचे. भाटकार, म्हणजे जागेचा मालक, अख्खे घर एका भारतीय माणसाला वर्षाच्या कराराने देतो, त्याची भाडेकरू पडताळणी नीट होते, भाटकार निर्धास्त. तो माणूस खोल्या खोल्या करून परदेशी पाहुण्यांना रोखीने देतो. पोलिसांच्या दप्तरात एक नाव, घरात सहा माणसे. करारात 'पोटभाडेकरू ठेवणार नाही, परदेशी पाहुणा आल्यास सी फॉर्म मी भरीन' अशी ओळ हवी आणि वीजबिलावर नजर हवी. एका जोडप्याच्या घराचे युनिट अचानक तिप्पट झाले तर ते काही रात्रभर इस्त्री करत बसत नाहीत.

खाजनकाठ
भाडेकरू पडताळणी कायदा झालाय ना गोव्यात?

घरपट्टी
२०२४ मध्ये झाला, न केल्यास दंडही आहे. अर्ज मालकाने ठाण्यात द्यायचा, भाडेकरूच्या फोटो आणि ओळखपत्रासह. पण अर्ज स्वीकारणे आणि पडताळणी होणे यांत फरक. शिक्का मारून पोच मिळते ती नुसती पोच. भाडेकरूच्या मूळ गावच्या ठाण्यातून उत्तर आले तर पडताळणी झाली. ते पत्र गेले की नाही हे कुणी विचारत नाही.

रानभूल
तेच तर म्हणतो. चिंबल, बायणा, झुआरीनगर, सगळीकडे भायले, बाहेरचे लोक, भरलेत. आधार कार्ड सगळ्यांकडे. सरळ उचलावे आणि पाठवून द्यावे.

कलमदान
रानभूल, 'भायलो' हा गोव्याचा शब्द, कायद्याचा नव्हे. मालदा-मुर्शिदाबादचा बंगाली बोलणारा गवंडी, ओडिशा-झारखंडचा ट्रॉलरवरचा खलाशी हे भारताचे नागरिक. कुठेही राहायचा हक्क त्यांना घटनेच्या १९ व्या कलमाने दिलाय. नेपाळी माणसाला १९५० च्या करारामुळे व्हिसा लागत नाही, शॅकवरचा आचारी नेपाळी आहे म्हणून तो बेकायदा होत नाही. बाजारात लोकरी कपडे विकणाऱ्या तिबेटींकडे नोंदणी प्रमाणपत्र असते, त्यांची वेगळी सोय.

आणि आधाराचे म्हणाल तर आधार कायद्याच्या ९व्या कलमातच लिहिलेय की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. बारा महिन्यांत १८२ दिवस राहिलेल्या परदेशी रहिवाशालाही तो मिळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र हाती असले म्हणून कोणी नागरिक ठरत नाही. तुमचे अर्धे म्हणणे इथे बरोबर आहे. पण हा वस्तरा दोन्हीकडून कापतो: ज्या खऱ्या भारतीय मजुराकडे तेवढेच कागद आहेत त्याने काय दाखवायचे? म्हणून जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आईवडिलांची जुन्या मतदारयादीतली नोंद, जमिनीचा उतारा हे त्याच्या गावाहून मागवायला वेळ द्यावा लागतो. जून २०२५ मध्ये मुंबई भागातून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशात ढकलले गेले आणि मग आपल्याच यंत्रणेला ते परत आणावे लागले. घाईचा परिणाम.

जाता जाता, लिस्बनहून पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला आपला गाववाला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे) किंवा व्हिसा न घेता वाड्यावर राहिला तर कायद्याच्या नजरेत तोही मुदतबाह्य परदेशीच. नागरिकत्व कायद्याच्या ९व्या कलमाने त्याचे भारतीयत्व संपलेले असते. त्याला कुणी भायलो म्हणत नाही.

रानभूल
तो विषय वेगळा आहे.

कलमदान
भावनेत वेगळा, कायद्यात तोच. नुसती लिस्बनमधली जन्मनोंदणी म्हणजे नागरिकत्व का, हा वाद मात्र खरोखर वेगळा, त्यावर इथे नको.

मामलेदार
हद्दपारीला वेळ का लागतो यावर लिहितो, कारण सगळा राग तिथे निघतो.

पकडल्यावर पहिला फाटा: गुन्हा नोंदवायचा की थेट परत पाठवायचे. फक्त व्हिसा संपलाय आणि पासपोर्ट हातात आहे तर सोपे. एफआरआरओकडून एक्झिट परमिट, ठरलेले शुल्क, तिकीट, विमान, काळ्या यादीत नाव. गुन्हा नोंदवला की माणूस न्यायालयाचा होतो. खटला संपेपर्यंत किंवा न्यायालयाने परवानगी देईपर्यंत त्याला पाठवता येत नाही. कोणी मुद्दाम हाणामारीची किंवा फसवणुकीची किरकोळ केस अंगावर ओढून घेतो, किंवा ओळखीच्याकडून करवून घेतो, की झाली दोन-तीन वर्षांची सोय. अशा वेळी किरकोळ खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकिलाने करणे हाच उपाय, आणि तो निर्णय राज्याचा. इथे केंद्राकडे बोट दाखवता येत नाही.

जामीन मिळाला तरी तो मोकळा फिरतो असे नाही. नोंदणी अधिकारी निर्बंधाचा आदेश काढू शकतो, म्हणजे अमुक जागीच राहायचे. त्यासाठी म्हापशाला जुन्या कोठडीच्या इमारतीत २०१९ पासून स्थानबद्धता केंद्र आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परदेशी आरोपीला जामीन दिला की ते नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे. हे कळवणे राहिले तर आरोपी संध्याकाळी सुटतो आणि सकाळी पत्ता बदललेला असतो. फौजदाराने जामिनाच्या आदेशाची प्रत स्वतः पोचवावी, न्यायालयाच्या टपालाची वाट पाहू नये.

दुसरा फाटा पासपोर्ट नसलेल्याचा. आपण त्याला अमुक देशाचा म्हटले म्हणून तो देश त्याला घेत नाही. नाव, आईवडील, गाव, ठाणे, जिल्हा, फोटो, बोटांचे ठसे असा तक्ता परराष्ट्र खात्यामार्फत त्या देशाच्या वकिलातीकडे जातो. ते आपल्या गावी चौकशी करून होकार देतात, मग तात्पुरता प्रवास दाखला निघतो. माणसाने गावाचे नाव खोटे सांगितले की तक्ता महिन्यांनी 'आढळ नाही' म्हणून परत येतो आणि पुन्हा पहिल्यापासून. काही जण पासपोर्ट मुद्दाम फाडतात ते याचसाठी. म्हणून पहिल्या दिवशीची जबानी त्याची भाषा आणि बोली जाणणाऱ्या दुभाष्यासमोर घ्यावी. ढोबळ इंग्रजीत लिहिलेले गावाचे नाव पलीकडे कुणालाच सापडत नाही. अटकेनंतर वकिलातीला कळवण्याचा त्याचा हक्क आहे, तो पहिल्याच दिवशी कागदावर विचारून सही घ्या. नंतर तोच मुद्दा न्यायालयात आडवा येतो.

भारतीय असल्याचा दावा केला तर त्याच्या राज्याकडे विचारणा जाते. मे २०२५ मध्ये गृह मंत्रालयाने बांगलादेश-म्यानमारच्या संशयितांसाठी यावर ३० दिवसांची मुदत घातली. कागदावर छान. गोव्याचे पत्र तिकडच्या जिल्ह्यात पोचून बीट अंमलदाराच्या हाती पडेपर्यंत त्यातले निम्मे दिवस जातात.

पाचपावली
आणि सीएए, नागरिकत्व दुरुस्ती कायदा? त्यातून सगळे आपोआप कायदेशीर होतात असे एक जण सांगत होता.

मामलेदार
आपोआप काही नाही. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले, अर्ज करून, पडताळणी होऊन. गोव्यातले पहिले प्रमाणपत्र ऑगस्ट २०२४ मध्ये दिले गेले ते मुळात गोव्यातच जन्मलेल्या आणि पाकिस्तानात गेलेल्या वृद्ध ख्रिस्ती गृहस्थाला. कराची हे एके काळी गोंयकारांचे पोट भरायचे ठिकाण होते हे नव्या पिढीला माहीतच नाही.

खाजनकाठ
सर्वांचे आभार. आता व्यवहाराचे. पंचायतीतून माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचाय, कोणाकडे काय मागावे?

घरपट्टी
पंचायतीला स्वतःला विचारा आधी. घरक्रमांक दिलेली घरे किती, व्यवसाय परवाना घेतलेली गेस्ट हाऊस किती. पर्यटन खात्याकडून त्याच गावातली नोंदणीकृत किती ते घ्या. दोन याद्या शेजारी ठेवल्या की कुठे बघायचे ते पोलिसांना सांगावे लागणार नाही.

मामलेदार
गोवा पोलिसांकडे: ठाणेनिहाय भाडेकरू अर्ज किती आले, मूळ ठाण्याला पत्रे किती गेली, उत्तरे किती आली. हे तीन आकडे वेगवेगळे मागा, 'पडताळणीची माहिती द्या' असे लिहिले की पहिलाच आकडा येतो. सी फॉर्म न भरल्याबद्दलच्या कारवाया किती. स्थानबद्धता केंद्रात सहा महिन्यांहून जास्त असलेले किती आणि प्रत्येकाचे कशासाठी अडलेय, नावे नकोत. राज्याच्या गृहखात्याकडे: परदेशी आरोपींचे किरकोळ खटले मागे घेण्याचे प्रस्ताव किती आले, किती मान्य. किनारा पोलिसांकडे दर्यावेळ म्हणाले तसे बोटीचे तास आणि डिझेल.

विमानतळावरच्या इमिग्रेशनकडे अर्ज घालून दहा रुपये फुकट घालवू नका. ते गुप्तचर खात्याच्या छत्राखाली आणि ते खाते माहिती अधिकार कायद्याच्या २४ व्या कलमाने वगळलेले, भ्रष्टाचार आणि मानवी हक्काचे प्रश्न सोडून. व्हिसा संपूनही न गेलेल्यांचा आकडा हवा असेल तर खासदारांना लोकसभेत लेखी प्रश्न विचारायला सांगा, राज्यनिहाय आणि वर्षनिहाय असे शब्द घालून. 'गोव्यात किती' एवढेच विचारले तर 'अशी माहिती केंद्रीभूत ठेवली जात नाही' असे एका ओळीत उत्तर येते.

दर्यावेळ
बोटींचा अर्ज मे अखेरपर्यंतच्या काळासाठी मागा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी आणि पावसाळा, त्या दोन महिन्यांची सरासरी घुसवली की आकडा का कमी आहे याचे आयते कारण मिळते.